वासराच्या पोटातले दोन उन्हाळे

साल 1879. बर्लिनचं शारिटे रुग्णालय. मेजावर वाकलेल्या एका पंचविशीच्या डॉक्टरच्या मागे तुम्ही उभे आहात. त्याचं नाव पॉल एर्लिक. काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर त्याने वाळवला, तापवला आणि आता त्यावर इओसिन हा लाल रंग सोडला. सूक्ष्मदर्शकातून बघायची पाळी तुमची आली की घाई करू नका. तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादीच पांढरी पेशी अशी सापडेल, जिच्या आतले दाणे हा रंग अधाशासारखे पितात आणि लालभडक होतात. एर्लिक तिला इओसिनोफिल म्हणतो. आदल्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रबंधात त्याने दाण्यांनी गच्च भरलेली आणखी एक पेशी वर्णिली होती, मास्ट पेशी. या दोघी शरीरात कशासाठी असतात हे त्याला ठाऊक नाही. पुढची कित्येक दशकं ते कोणालाच नीट कळणार नाही.

दोघींची ओळख पक्की करून घ्या. त्या जिथे राबतात तिथे तुम्हाला जायचं आहे, आणि ती जागा रुग्णालयात नाही, एका वासराच्या पोटात आहे.

आता 1960च्या दशकाची सुरुवात. स्कॉटलंड, ग्लासगो शहराबाहेरचं कुरण, मे महिना. हिवाळाभर गोठ्यात कोंडलेली वासरं आज पहिल्यांदा बाहेर सुटली आहेत. शेपट्या वर करून ती कुरणभर उधळतात, मग दमतात आणि खाली मान घालून ओल्या गवताला तोंड लावतात. त्यांतल्या एका काळ्या कालवडीजवळ जा. तिच्या नाकपुडीसमोरचं पातं बघा. त्यावर पाण्याचा पापुद्रा आहे आणि त्यात एक अळी वळवळते आहे, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची. गेल्या वर्षी इथे चरलेल्या जनावरांच्या शेणाच्या पोमध्ये ती अंड्यातून निघाली, पावसाच्या पाण्याबरोबर गवतावर आली आणि बर्फाचा हिवाळा तिने काढला. जुनी कात तिने टाकलेली नाही. तीच अंगावर पांघरून बसली आहे. त्या कातीमुळे तिला काही खाता येत नाही, पण थंडी आणि कोरडेपणा सोसता येतो. हिचं नाव ऑस्टर्टेजिया ऑस्टर्टेजी. रॉबर्ट फॉन ऑस्टर्टाग या जर्मन पशुवैद्यकाच्या नावावरून ते पडलं.

कुरणाच्या कडेला जी माणसं वह्या घेऊन उभी आहेत, ती ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातली. विल्यम जॅरेट, जॉर्ज अर्कहार्ट, जेम्स आर्मर ही त्यांतली काही नावं. यांतल्या काहींच्या हातून नुकतंच एक मोठं काम झालं आहे. वासरांच्या फुप्फुसात होणाऱ्या जंताच्या अळ्यांवर त्यांनी क्ष-किरणांचा मारा केला. अशा अळ्या वासराला पाजल्या की त्या शरीरात थोडा प्रवास करतात, पण वयात येण्याआधीच मरतात. तेवढ्या ओळखीवर वासरू खऱ्या जंताला तोंड देतं. महिनाभराच्या अंतराने हजार-हजार अळ्यांचे दोन डोस, एवढीच ती लस. 1959च्या सुमारास ती बाजारात आली. जंतावरची जगातली ही पहिली व्यावसायिक लस, आणि ती माणसासाठी नव्हती, वासरासाठी होती. मला हे फार मोलाचं वाटतं. जंतांशी लढायला शरीराला शिकवता येतं, हे जगाने आधी गोठ्यात पाहिलं.

पण हीच युक्ती पात्यावरच्या या अळीवर चालली नाही. का चालली नाही, हे बघायला तुम्हाला आता लहान व्हावं लागेल. पेशीएवढं.

कालवडीने ते पातं ओढलं. तिच्याबरोबर आत चला. पहिल्या मोठ्या पोटात, रूमेनमध्ये, अळीने कात टाकली. पुढे चौथं पोट, अबोमेसम. गाईच्या चार पोटांपैकी आपल्या जठरासारखं आम्ल फक्त इथेच तयार होतं. सामू दोनच्या आसपास. एरवीचे जिवाणू इथे आल्या आल्या मरतात. अळी मात्र सरळ भिंतीकडे गेली आणि आम्ल पाझरणाऱ्या एका ग्रंथीच्या तोंडातून आत शिरली. तुम्ही भिंतीच्या आत थांबा, ग्रंथीला खेटून. तुमच्या शेजारी काही पांढऱ्या पेशी आहेत आणि त्यांच्यासमोर ही अळी. पेशी ज्वारीच्या दाण्याएवढी धरली, तर अळी वीतभराहून लांब भरते आणि पूर्ण वाढलेली मादी दहा फुटांच्या घरात जाते. जिवाणूला पेशी गिळून टाकते. हिला कोण गिळणार? जंताशी सामना करायची शरीराची रीत वेगळी आहे, त्याचं कारण हे.

पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल की इथे काहीच घडत नाही. अळी ग्रंथीत वाढते, पुन्हा कात टाकते, आपले स्राव आणि मळ आजूबाजूला सोडते. ग्रंथी ताणली जाऊन तिची गाठ बनते. याच काळात बाहेर कालवड धडधाकट दिसते. पण पेशींच्या पातळीवर हालचाल सुरू झाली आहे. अस्तराखालच्या काही पेशींनी अळीच्या स्रावांचे तुकडे उचलले आणि लसिकावाहिनीतून जवळच्या लसिकाग्रंथीकडे निघाल्या. त्यांच्या मागोमाग जा. काही आठवड्यांत ही लसिकाग्रंथी कित्येक पटींनी फुगणार आहे. आत पेशींची नुसती रीघ लागली आहे.

इथे तुम्हाला असं काही दिसतं, ज्याला या साली नावच नाही. जॅक मिलर यांनी 1961 साली थायमस ग्रंथीचं महत्त्व दाखवून दिलं आहे; इथल्या पेशींची टी पेशी आणि बी पेशी अशी वाटणी व्हायला अजून काही वर्षं आहेत. तुमच्यासमोरच्या टी पेशींमध्ये एक जात फार मोठ्या संख्येने आहे. तिला पुढे गॅमा-डेल्टा टी पेशी म्हणतील. माणसाच्या रक्तातल्या टी पेशींमध्ये त्या शेकड्याला मोजक्याच असतात. वासरांच्या रक्तात मात्र त्यांचं प्रमाण कधीकधी निम्म्याच्याही वर जातं आणि वय वाढेल तसं उतरतं. उंदीर आणि माणसं पाहून प्रतिकारशक्तीची पुस्तकं लिहिली गेली. गाय त्या पुस्तकात नीट बसत नाही, आणि याची एक खूण म्हणजे या पेशी. ऑस्टर्टेजियाची अळी आली की वासराच्या लसिकाग्रंथीत त्यांचं आणि बी पेशींचं प्रमाण वाढतं. त्यांतल्या काही चिथावणी देणाऱ्या, तर काही शांत करणाऱ्या.

संदेशांकडेही लक्ष द्या. उंदराला आतड्याचा जंत झाला की त्याच्या टी पेशी साधारण एकाच सुरात बोलतात. इंटरल्यूकिन-4 आणि त्याची भावंडं, म्हणजे जंताविरुद्धची ठरलेली आज्ञा: चिकट स्राव वाढवा, इओसिनोफिल बोलवा, मास्ट पेशी तयार ठेवा. या कालवडीच्या लसिकाग्रंथीत तुम्हाला इंटरल्यूकिन-4 ऐकू येतं खरं, पण त्याच वेळी इंटरफेरॉन-गॅमाही ऐकू येतं, जो एरवी पेशीत लपलेल्या जंतूंविरुद्धचा संदेश. आणि त्यातच इंटरल्यूकिन-10, जो आवरतं घ्यायला सांगतो. एका शत्रूबद्दल तीन आज्ञा. 1990च्या दशकात हे संदेश मोजता आले, तेव्हा कुठे हा गोंधळ कागदावर उतरला. जंत तगून राहतो, त्यात या गोंधळाचा वाटा असावा असं मला वाटतं.

अळीने कालवडीच्या पोटात तिसरा आठवडा गाठला आहे. परत ग्रंथीजवळ या. अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान अळी वयात येऊन ग्रंथी फाडून बाहेर पडते. एकटी नव्हे, गेल्या काही दिवसांत गवताबरोबर हजारो आत गेल्या आहेत. आम्ल करणाऱ्या पेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी काहीच काम न येणाऱ्या कच्च्या पेशी वाढतात. पोटाचा सामू दोनवरून सातकडे सरकतो. आम्ल नाही म्हणून पेप्सिनोजेनचं पेप्सिन होत नाही, प्रथिनं पचत नाहीत. पेशींमधल्या सांध्यांतून पेप्सिनोजेन रक्तात झिरपतं; रक्ताच्या तपासणीत ते वाढलेलं दिसलं की पशुवैद्यक समजून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये वासरांना पाणी पाणी ढाळ लागतात, शेपट्या माखतात, बरगड्या दिसू लागतात.

इओसिनोफिल आता आल्या आहेत. एर्लिकच्या काचेवर पाहिलेले ते लाल दाणे इथे वापरात येतात. अळीच्या कातडीवर प्रतिपिंडं चिकटली की इओसिनोफिल तिला बिलगते आणि दाणे तिच्या अंगावर रिते करते. त्यांतली प्रथिनं विषारी आहेत, अळीला आणि आसपासच्या पेशींनाही. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही आहेत. त्यांतली एक फुटताना बघा. तिने आपल्या केंद्रकातला डीएनए बाहेर फेकला आणि त्याचं धाग्याधाग्यांचं जाळं पसरलं. या जाळ्याची ओळख जगाला 2004 साली होईल, बर्लिनमध्येच, एर्लिक काम करत होता त्या शारिटेच्या आवारात असलेल्या माक्स प्लांक संस्थेत. 2018 मध्ये अमेरिकेतले संशोधक दाखवतील की ऑस्टर्टेजियाशी गाठ पडली की गाईच्या न्यूट्रोफिलही असं जाळं टाकतात. एवढं सगळं होऊनही या पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक जंत जिवंत राहतात. माद्या अंडी घालतात, अंडी शेणात पडतात, कुरण पुन्हा भरतं.

चौथ्या पोटातून पुढे, लहान आतड्यात जाऊन या. वाट वाकडी करण्यासारखं आहे ते. तिथे दुसरा जंत आहे, कूपेरिया ऑन्कोफोरा. तोही गवताबरोबरच आला, त्याच कालवडीत, त्याच महिन्यात. पण इथलं चित्र निराळं आहे. काही आठवड्यांत आतड्याच्या अस्तरात आयजीए प्रतिपिंडं वाढतात, इओसिनोफिल दाटतात आणि जंत आतड्याच्या पुढच्या भागातून मागे रेटले जातात. माद्या खुरटतात, त्यांची अंडी घटतात, आणि मग बहुतेक जंत शेणावाटे बाहेर पडतात. उत्रेख्तच्या संशोधकांनी 2002 मध्ये हे वासरांत मोजून दाखवलं. कूपेरियाविरुद्धची विद्या वासरू पहिल्याच मोसमात शिकतं. ऑस्टर्टेजियाविरुद्धची शिकायला त्याला दुसरा मोसम लागतो. एकच शरीर, हाताच्या अंतरावरचे दोन अवयव, आणि शिकण्याचा वेग इतका वेगळा. ग्रंथीच्या आत बसलेली अळी सहजी हाती लागत नाही हे त्याचं एक कारण, आणि मघाशी ऐकलेली आवरतं घ्यायची ती आज्ञा हे दुसरं.

ऑक्टोबर. दिवस आखडले, गवतावर दव गोठू लागलं. आता जी अळी आत आली तिच्याकडे बघा. ती ग्रंथीत शिरली, एकदा कात टाकली आणि थांबली. वाढत नाही, हलत नाही. बाहेर थंडी आहे. आत्ता अंडी घातली तर वाया जातील, म्हणून हे थांबणं तिच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून साधलेलं आहे. कालवड गोठ्यात परतली. तिच्या पोटात अशा हजारो अळ्या थांबलेल्या आहेत, आणि भोवतालच्या पेशी त्यांना जवळपास विसरल्या आहेत. शेणात अंडी नाहीत. बाहेरून कोणीही म्हणेल, जनावर बरं झालं.

फेब्रुवारीत या गोठ्यात पुन्हा डोकवा. काही वासरं खाली बसून आहेत. जबड्याखाली पाणी साचून सूज आली आहे, ढाळ थांबत नाहीत, हिवाळाभर कोरडा चारा खाल्लेल्या जनावराला आता हे कशाने झालं, हे मालकाला कळत नाही. थांबलेल्या अळ्या एकदम जाग्या झाल्या आणि हजारो ग्रंथी एकाच वेळी फाटल्या. मेलेल्या एका वासराचं चौथं पोट उघडलं तेव्हा अस्तर असं गाठीगाठीचं दिसलं की पशुवैद्यकांनी त्याला मोरोक्को चामड्याची उपमा दिली. उन्हाळ्यातला आजार पहिल्या प्रकारचा आणि हिवाळा सरतानाचा दुसऱ्या प्रकारचा, ही मांडणी ग्लासगोच्या गटाने 1965 साली केली. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात ती आजही तशीच आहे.

तुमची कालवड वाचली. मे महिन्यात ती पुन्हा कुरणावर आहे, उंच झालेली, पहिल्यासारखी उधळत नाही. पुन्हा आत जा, त्याच ग्रंथीजवळ. गवताबरोबर नवी अळी आली. पण या वेळी अस्तरात मास्ट पेशी आधीच बसलेल्या आहेत. त्यांच्या अंगावर आयजीई प्रतिपिंडं रोवलेली आहेत. या प्रतिपिंडाचा शोध 1966 साली लागेल, म्हणजे कुरणाच्या कडेला उभ्या असलेल्या कोणालाही त्याचं नाव माहीत नाही. अळीचा स्राव त्या प्रतिपिंडाला लागला आणि मास्ट पेशीने दाणे सोडले. रक्तवाहिन्या सैल झाल्या, चिकट स्रावाचा लोंढा आला, आतली हालचाल वाढली. ग्रंथीचं तोंड गाठण्याआधीच कितीतरी अळ्या वाहून गेल्या. ज्या शिरल्या, त्यांतल्या काही वाढल्याच नाहीत. ज्या वाढल्या, त्यांच्या माद्या आखूड राहिल्या आणि अंडी थोडी घालू लागल्या.

शिकण्याचा क्रम लक्षात ठेवा, कारण गोठ्यातल्या माणसाला तो कामाचा आहे. जनावर आधी जंताची अंडी कमी करतं. मग जंताची वाढ खुंटवतं. सगळ्यात शेवटी त्याला शिरूच देत नाही. ही शेवटची पायरी चढायला दोन मोसम जातात. आणि यातलं काहीच फुकट होत नाही. प्रतिपिंडं आणि स्राव प्रथिनांचे बनतात, सुजलेलं अस्तर प्रथिनं गळू देतं. जनावराची भूक मंदावते आणि वजन घटतं, ते काही अंशी जंतामुळे आणि काही अंशी त्याच्याशी झुंजण्यामुळे. चारा तोकडा असेल तर ही लढाई जनावराला पेलत नाही.

आता वीसेक वर्षं पुढे या. जपानमधल्या कवाना गावातल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक सूक्ष्मजीव वेगळा केला होता. विल्यम कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी त्यापासून घडवलेलं आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. हे औषध झोपलेल्या अळ्यांनाही मारतं. नदीकाठच्या अंधत्वाने ग्रासलेल्या लाखो माणसांची दृष्टी त्याने वाचवली, आणि 2015 चं नोबेल दोघांना मिळालं ते योग्यच झालं. ग्लासगोच्या त्या गोठ्यात फेब्रुवारीत मेलेली वासरं या औषधाने वाचली असती.

पण याच औषधाने भरलेल्या मोठ्या गोळ्या, पोटात राहून महिनोन्‌महिने पाझरणाऱ्या, पहिल्या उन्हाळ्यात वासराला दिल्या तर काय होतं? पुन्हा अस्तरात जा. शांत, स्वच्छ, गुलाबी. मास्ट पेशी तुरळक. लसिकाग्रंथी लहान. वासरू छान वाढलं, पण ते शिकलं काहीच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात अळी आली तेव्हा ही कालवड पहिल्या दिवसाच्या वासरासारखी कोरी असते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात 1990च्या दशकात हे प्रश्न बारकाईने तपासले गेले: पहिल्या मोसमात जंताशी गाठ जितकी कमी, तितकी पुढची प्रतिकारशक्ती कमकुवत. त्याच दशकात न्यूझीलंडमध्ये आयव्हरमेक्टिनला न जुमानणारा कूपेरिया गाईंमध्ये सापडला. सगळ्या जनावरांना, सगळ्या वेळी औषध, असं केलं की कुरणावर उरतात ते फक्त औषध पचवलेले जंत.

शेवटचा थांबा अमेरिकेतलं मेरीलँड, 1989. कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातले संशोधक वाय अँगस या कळपातल्या वासरांच्या शेणातली अंडी मोजत आहेत. एकाच कुरणावर चरणाऱ्या वासरांतली काही कधीच जास्त अंडी टाकत नाहीत. काही आधी टाकतात आणि मग शिकतात. थोडी मात्र मोसमभर टाकतच राहतात, आणि कुरणावर पडणाऱ्या अंड्यांचा मोठा भाग त्यांचा असतो. हा फरक काही अंशी आई-बापांकडून येतो. अंड्यांच्या संख्येची आनुवंशिकता त्यांनी 0.29 काढली, म्हणजे निवड करून पैदास करावी इतकी. कळपातली थोडकी जनावरं बाकीच्यांना आजारी पाडतात आणि ती ओळखता येतात, ही गोष्ट मला या सगळ्या प्रवासात सर्वांत उपयोगी वाटते.

परत आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या उष्ण हवेत ऑस्टर्टेजिया हा मुख्य शत्रू नाही. इथे रक्त पिणारा हिमोंकस आहे, पाणथळीतले पर्णकृमी आहेत, आणि रेडकांत टॉक्सोकारा, जो आईच्या दुधातूनच येतो आणि पहिल्या काही आठवड्यांत रेडकाचा जीव घेऊ शकतो. त्या रेडकाला शिकायला वेळ नसतो. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध द्यायलाच हवं. पण धडधाकट, पोटभर चारा मिळणाऱ्या मोठ्या गाईला ठरावीक तारीख आली म्हणून औषध पाजण्याआधी तिचं ताजं शेण एका स्वच्छ डबीत घ्या, डबीवर तिचं नाव किंवा बिल्ल्याचा क्रमांक लिहा, डबी उन्हात ठेवू नका, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. अंडी किती आहेत ते विचारा. औषध दिल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा शेण द्या, म्हणजे औषध लागू पडलं की नाही तेही कळेल. ज्या जनावराच्या शेणात जंताची अंडी मोसमामागून मोसम जास्तच येतात, त्याच्या पोटची वासरं पैदाशीसाठी ठेवू नका.